थांबा, कवळी राहिली

कुजबुज्यांचा आवाज प्रेक्षकांपैकी कुणी कधी ऐकला नाही, यातच त्यांचं सगळं कर्तृत्व होतं. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटक, हातात लाल कागद लावलेली बॅटरी, आणि उजेडातला राजा, मंत्री किंवा खुनी आपलं वाक्य विसरला की ते त्याला पुरवायचं. पुरवायचं तेही असं की पहिल्या रांगेला वाटावं नट विचारात पडलाय, आणि नटाला वाटावं आपलं आपल्यालाच आठवलं. या दोन गैरसमजांवर त्यांचं पोट चाले. 'कुजबुजे' हे नाव कंपनीतल्या कुणा टवाळानं ठेवलं होतं. खरं आडनाव हळूहळू मागं पडलं, आणि पुढं तर पोस्टमनही कुजबुज्यांचंच घर विचारत यायचा.

त्यांच्या बायकोला कंपनीतले सगळे वहिनी म्हणत. आपणही वहिनीच म्हणू. त्यांना सवय आहे.

घरातही कुजबुजे स्वतःचं असं फार काही बोलत नसत. वहिनी मात्र बोलत, पण अर्धं. "अहो, ते हे द्या ना जरा—" असं म्हणून त्या हात पुढं करत, आणि मागून आवाज येई, "चाळणी." "काल ती नाही का भेटली, ती, जिची सून—" "शिवणवाली." वाक्य अर्धं सोडायची त्यांना सवय लागली होती, जशी काही माणसांना दार उघडं टाकायची लागते. मागून येणारा लावून घेईल, हा भरवसा. कुजबुजे संध्याकाळी प्रयोगाला निघाले की दारातून म्हणत, "येतो." वहिनी हातातलं काम न सोडता म्हणत, "या." हा त्या घरातला एकमेव पाठ केलेला संवाद, आणि तो कधी चुकला नाही.

धंद्याचे नियम त्यांनी वहिनींना लग्नाच्या नव्या नवलाईत सांगितले होते. दुसरे नवरे दुसरं काही सांगत असतील. पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. आधी हळू, मग जरा वर, पण ओरडायचं नाही. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय ते ओळखायचं: विसरलेल्याचे डोळे पळतात, थांबलेल्याचे एका जागी असतात, आणि थांबलेल्याला शब्द देणं हे पाप. शेवटचं म्हणजे, वाक्य आल्याशिवाय स्टुलावरून उठायचं नाही, मग छप्पर कोसळो. "आणि कोसळलंच तर?" वहिनींनी विचारलं होतं. "तर काय," कुजबुजे म्हणाले होते, "'धावा' हा शब्दही मलाच द्यावा लागेल."

त्यांच्या छातीत पाणी झालं आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली, तेव्हा वहिनी पलंगाखाली डोकं घालून त्यांची कवळी शोधत होत्या. दोन माणसांनी स्ट्रेचर उचललं. लेक बरोबर होती. दारातून दात नसलेल्या तोंडाचं "एतो" असं काहीतरी आलं. वहिनी पलंगाखालूनच ओरडल्या, "अहो थांबा, कवळी राहिली!"

स्ट्रेचरवाले काही थांबले नाहीत. कवळी नंतर साबणाच्या डबीत सापडली. वहिनींनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि मागून हॉस्पिटलात गेल्या.

खोली दोन खाटांची होती. दुसरी रिकामी, तिच्यावरची गादी उभी करून भिंतीला टेकवलेली. खाटेभोवती हिरवा पडदा, कड्यांवरून सरकणारा, आणि सरकताना सगळ्या मजल्याला कळवणारा. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून खाली येणारे पाइप. दाराला कडी लागत नसे. लिफ्ट आली की वाऱ्यानं ते बोटभर उघडे आणि मग विचार बदलल्यासारखं मिटे. कुजबुजे डोळे मिटून पडले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, उशाशी टिकटिकणारं यंत्र. ते बोलतील असं आता कुणी धरून चाललं नव्हतं. तसं ते कधीच धरलेलं नव्हतं म्हणा.

पहिल्यांदा लेकीच्या लक्षात आलं. डॉक्टर कागद चाळत उभे होते. "हे बघा, वय आहे, फुप्फुसं थकलीत. आपण आता…" असं म्हणून ते अडले. चांगला शब्द शोधत असावेत.

"वाट," खाटेवरून आलं.

"वाट बघायची," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या खोलीत गेले. त्यांना काही जाणवलं नाही. कुजबुज्यांच्या कामाची तीच तर तऱ्हा होती.

"आई, बाबा बोलले."

"स्वतःचं नाही बोलले," वहिनी म्हणाल्या. "काम करतायत. करू दे."

दुसरा शब्द कुजबुज्यांच्या थोरल्या बहिणीला मिळाला. वहिनी त्यांना वन्सं म्हणत आणि शक्यतो समोरून म्हणत, कारण मागून म्हटलेलंही त्यांना ऐकू जाई. रात्रीची पाळी हट्टानं वन्संनी घेतली होती, आणि सकाळी वहिनी आणि लेक आल्या की त्या पाळीचा पोवाडा व्हायचा. "तुमचं बरंय बाई, घरी जाऊन पाठ टेकता. मी इथं खुर्चीत रात्रभर, डोळ्याला डोळा म्हणून…"

त्या दम घ्यायला थांबल्या.

"घोरले," खाटेवरून आलं.

"घोरले," वन्सं म्हणाल्या, आणि पदर तोंडावर धरला. "अगं बाई! मी कुठं घोरले? कोण म्हणालं घोरले?"

"तुम्हीच म्हणालात, वन्सं."

"माझ्या तोंडून वदवून घेतलं यानं! लहानपणापासून असाच. समोर मुका, मागून आग लावणार."

लेक हसली. वहिनीही हसल्या. त्या खोलीतलं ते शेवटचं मोकळं हसू, कारण दुपारी राजेसाहेब आले.

राजेसाहेब म्हणजे कंपनीतला मुख्य नट. जन्मभर राजे केले, त्यामुळे रिक्षातून उतरतानाही सिंहासनावरून उतरल्यासारखे उतरत. पाठांतर कच्चं. त्यांच्या प्रत्येक टाळीमागं कुजबुज्यांचा एकेक शब्द होता, आणि हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांनी आवाज लावला.

"कुजबुजे! मित्रा! उठा. कंपनी तुमच्यावाचून पोरकी आहे. तुम्हाला काही होणार नाही. मी सांगतो ना! मी, मी…"

राजेसाहेबांचे डोळे पळाले.

"घाबरलोय," खाटेवरून आलं. हळू, स्वच्छ.

"घाबरलोय," राजेसाहेब म्हणाले. त्याच भरदार आवाजात म्हणाले, जन्माची सवय. मग आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं. चेहऱ्यावरचा राजा उतरला आणि खाली एक म्हातारा निघाला, तो हातातली संत्री लेकीच्या ओंजळीत देऊन "येतो वहिनी" म्हणून भिंतीच्या कडेकडेनं निघून गेला.

तेव्हापासून त्या खोलीत लोक जपून बोलू लागले. कुणी मध्ये थांबेना. येणारा माणूस वाक्य घरूनच पूर्ण करून आणी आणि एका दमात टाके: "कसेयतबरेहोतीलकाळजीघ्या." श्वास लागलाच तर तो दाराबाहेर जाऊन घेई. वन्सं तर डोळ्यांनीच बोलू लागल्या, आणि ही देवाची कृपा म्हणावी की दुसरं काही, ते वहिनींना ठरवता येईना.

मग आणखी एक गोष्ट झाली. शब्द आधी येऊ लागले. एका दुपारी खोलीत कुणीच बोलत नव्हतं. लेक नखं बघत होती, वहिनी खाटेवरच्या चादरीची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या.

"खिडकी," कुजबुजे म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. दार लिफ्टच्या वाऱ्यानं बोटभर उघडलं, मिटलं, आणि मग खरोखरच उघडून सिस्टर आत आली. "खिडकी कुणी उघडी टाकली हो?" ती म्हणाली. "धूळ येते ना आजी, पेशंटला त्रास होतो."

खिडकी लावून ती गेली. लेक दारापर्यंत जाऊन बाहेर बघून आली. "आई, ती तर तेव्हा बाहेर होती."

"ते नेहमी अर्धं पान पुढं असायचे," वहिनी म्हणाल्या. बोलताना त्यांनी चादरीची घडी मात्र सोडली नाही. "त्याशिवाय वेळेवर शब्द कसा देणार?"

"पण आई, पान कुठलं?"

वहिनींनी चादरीचं दुसरं टोक ओढून घेतलं.

आणि मग 'या' आला.

दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाचं ताट परत गेल्यावर, कुजबुज्यांनी मिटल्या डोळ्यांनी, दाराच्या बाजूला तोंड करून म्हटलं, "या."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. आता कुणीतरी येणार आणि 'या'पासून सुरू होणारं वाक्य बोलणार: या गोळ्या, या बाजूला सरका. कुणी आलं नाही. दार उघडलं बोटभर, मिटलं.

"या," कुजबुजे म्हणाले. जरा वर.

"कुणाला बोलावतोय हा?" वन्संनी कितीतरी वेळानं तोंडानं बोलायचं धाडस केलं. लगेच उठल्या आणि ज्या खुर्चीत बसल्या होत्या ती त्यांनी पदरानं पुसून खाटेजवळ ओढली. "बसू दे ज्यांना बसायचंय त्यांना. न्यायला आलेत. आमच्या आईच्या वेळेला असंच झालं. ती तर म्हणाली, चप्पल बाहेर काढा."

खुर्ची रिकामी राहिली. तिघी उभ्या. वन्सं, लेक, वहिनी. आणि तिघी त्या खुर्चीपासून हातभर लांब. खुर्ची हॉस्पिटलची, निळी, एका पायाला रबर नसलेली. इतकी वर्षं तिच्यावर इतकी माणसं बसली असतील, पण इतकी भरलेली ती त्या क्षणी पहिल्यांदाच दिसत होती. तेवढ्यात सिस्टर आली आणि तिनं सुयांचा ट्रे थेट त्या खुर्चीवर ठेवला. वन्सं किंचाळल्या.

"काय झालं?"

"वडलांच्या मांडीवर ठेवलास गं तो!"

सिस्टरनं खुर्चीकडं पाहिलं, ट्रे उचलला आणि अर्धवट, ऐकू येईल न येईल असं "सॉरी" म्हटलं. तिचं कामच तसलं होतं. "घाबरू नका आजी," ती सलाइन बघत म्हणाली. "शेवटी शेवटी सगळेच बोलावतात. कुणी आईला, कुणी भावाला. मागच्या महिन्यात एकजण कुत्र्याला बोलावत होते. फक्त तुमचे आजोबा मानानं बोलावतायत. या, या. बाकी सगळे ये, ये करतात."

ती गेली. वन्सं खुर्चीकडं बघत विचारात पडल्या.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "वडलांना तर आम्ही अरे-तुरे करायचो. आईला अगं. काका लहान, आणि त्यात वाया गेलेला. अहो-जाहो करावं असं आमच्यात मेलंच नाही कुणी."

"या," कुजबुजे म्हणाले.

वहिनी खाटेच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या. आधी त्यांच्या बोटांना कळलं. ती चादरीवरच थांबली. ते कुणाला बोलावत नव्हते. ते कुणाशी बोलतच नव्हते. जन्मात कधी बोलले होते? ते शब्द देत होते. आणि त्या घरात 'या' म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ते एकाच माणसाला म्हणत होतं, दारातून, रोज.

त्या दिवशी ते म्हटलं गेलं नव्हतं. त्या दिवशी "येतो" आलं होतं, दातांविना का होईना, वेळेवर. आणि समोरून आलं होतं ते भलतंच वाक्य. 'थांबा.'

ते थांबले होते.

वहिनी मटकन खाली बसल्या. कुठं बसल्या ते वन्संनी पाहिलं आणि पुन्हा पदर तोंडाला लावला, पण खुर्चीत कुणी नव्हतं. असलं तर सरकलं. वहिनींनी कुजबुज्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. एकटक. त्यांचे डोळे जराही पळाले नाहीत. आणि कुजबुजे गप्प झाले.

पुन्हा 'या' आला नाही. समोरचं माणूस विसरलेलं नाही, थांबलंय, हे मिटल्या डोळ्यांनी ओळखणारा प्रॉम्प्टर दुसरा नसेल.

तिथून पुढं वहिनींनी जे केलं त्याला लोक शोक म्हणाले. त्या पहारा देत होत्या. तो शब्द आपल्या तोंडून निसटू नये म्हणून पहारा. मोठा शब्द जपणं सोपं असतं; हा असा की माणूस दिवसात दहादा थुंकी गिळावी तसा उच्चारतो. शेजारीण भेटून निघाली, "येते हं." वहिनींनी मान हलवली. कंपनीतला पेटीवाला निघाला, "येतो वहिनी." मान. वन्सं अंघोळीला घरी निघाल्या, दारात दोनदा म्हणाल्या, "येते मी. येते म्हटलं." मान.

"एवढी मी नकोशी झालेय का," वन्सं कॉरिडॉरमध्ये लेकीला म्हणाल्या, "की तुझ्या आईच्या तोंडून साधं 'या' निघू नये?"

लेकीनं आत येऊन विचारलं. वहिनींनी तिला सगळं सांगितलं. पलंगाखालचं डोकं, साबणाची डबी, सगळं. वाक्यं पूर्ण करून सांगितलं. आईला इतकी पूर्ण वाक्यं बोलताना लेकीनं कधी ऐकलं नव्हतं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मग नको म्हणूस," लेक म्हणाली. "नाहीच म्हणायचं. राहू देत."

"तेच चाललंय."

ते राहिले. डॉक्टरांनी दिलेला अंदाज उलटून गेला. डॉक्टर येत, यंत्राकडं बघत, कुजबुज्यांकडं बघत, पुन्हा यंत्राकडं. "कशाच्या जोरावर तग धरलाय, कळत नाही," ते म्हणाले. वहिनींना कळत होतं. आपण तोंड उघडलं नाही की माणूस जगतो, ही ताकद जगात किती बायकांना मिळाली असेल? त्या ताकदीकडं त्या सकाळ-संध्याकाळ बघत बसल्या होत्या. त्या ताकदीचे, म्हणजे कुजबुज्यांचे, ओठ फुटले होते. पायांना सूज चढून कातडी तुकतुकीत झाली होती. प्रत्येक श्वास विहिरीतून बादली ओढावी तसा वर येई, काठाशी अडे, आणि सगळ्यांना वाटे सुटली. मग पुन्हा येई. चेहऱ्यावर वेदना नव्हती. वेदना असती तर वहिनींना सोपं गेलं असतं. चेहऱ्यावर होतं ते लक्ष. छप्पर कोसळतंय आणि स्टुलावरून उठता येत नाही, अशा माणसाचं लक्ष.

"आई," एका सकाळी लेक म्हणाली. खिडकीबाहेरच्या पाइपांवर ऊन आलं होतं. "मी म्हणाले होते ना, नको म्हणूस म्हणून. ते मी…" तिनं मध्येच सोडलं. तिला शब्द मिळेना. तिनं खाटेकडं पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. खाटेवरून काही आलं नाही. आता त्यांच्याकडं एकच शब्द उरला होता, आणि तोही देऊन झाला होता.

"मागं घेतेस," वहिनी म्हणाल्या.

"हो."

हा शब्द वहिनींनी दिला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याला दिलेला तो पहिला.

त्या उठल्या. पर्समधून रुमाल काढला, बेसिनपाशी जाऊन कवळी धुतली. नीट धुतली, साबणाचा वास जाईना म्हणून पुन्हा धुतली. पुसली. खाटेपाशी आल्या, आणि हिरवा पडदा ओढून घेतला. कड्यांनी सगळ्या मजल्याला कळवलं. तोंडात बसवण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्यांनी ती कुजबुज्यांच्या उजव्या मुठीत ठेवली आणि बोटं एकेक करून मिटवली.

"अहो, कवळी मिळाली हो," त्या म्हणाल्या. "डबीत होती. तुम्हीच ठेवली असणार."

मग त्या पुन्हा चादरीची घडी सारखी करू लागल्या. कुजबुज्यांनी घाई केली नाही.

"या," वहिनी म्हणाल्या. हातातलं काम न सोडता. चादरीची घडी चालूच होती.

बादली काठाशी आली आणि या खेपेला खाली गेली नाही.

तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत माणसं येत राहिली. राजेसाहेब आले. या वेळी ते काही बोलले नाहीत, सतरंजीवर मांडी घालून बसले. वन्संनी सगळ्यांना सांगितलं की शेवटी त्यांच्या धाकट्या भावाला, बाळ्याला, न्यायला स्वतः वडील आले होते, खुर्चीत बसले होते, आणि एका नर्सनं त्यांना सुया टोचल्या. पेटीवाल्यानं विचारलं, "वहिनी, घरात कसे होते हो ते? विंगेत तर आम्हाला नुसती बॅटरी दिसायची."

"घरात ना," वहिनी म्हणाल्या, "स्वभावानं ते अगदी…"

सगळे थांबले. 'शांत' हा शब्द जो तो मनात तयार ठेवून होता. वन्संच्या तर ओठांवर आला होता. वहिनींचे डोळे इकडून तिकडं पळाले. त्यांना खरंच सुचत नव्हतं. मग त्यांनी मान किंचित कलती केली, स्वयंपाकघराच्या दाराकडं, जिथं उजेड पोचत नव्हता.

"हट्टी," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

बाकीचेही हसले. राजेसाहेब हसले नाहीत. त्यांनी हळूच मागं, त्या दाराकडं पाहिलं, आणि "येतो वहिनी" म्हणून उठले.

"या," वहिनी म्हणाल्या. आता त्यांना त्या शब्दाची भीती राहिली नव्हती.

लेक पाण्याचे पेले गोळा करत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिला आईचं उत्तर आवडलं होतं. फक्त, आई बोलायच्या आधीच तिनं ते एकदा ऐकलं होतं. हळू, स्वच्छ, आणि या खेपेला दातांसकट.